कानातली बासुंदी

चिमीनं आयुष्याच्या अडीच वर्षांत जे काही खाल्लं होतं, ते पळता पळता खाल्लं होतं. पुढे चिमी, मागे वरणभाताची वाटी घेतलेला तिचा बाप मयूरेश, अशी मिरवणूक दिवसातून पाच वेळा मिरजेतल्या त्यांच्या सोसायटीच्या आवारातून निघायची. पहिला घास गेटपाशी, दुसरा मोटारींच्या चार्जिंगपाशी, तिसरा पाण्याच्या टाकीपाशी. तिसरा बहुधा टाकीपाशीच थुंकला जायचा. टाकीच्या आसपासच्या मुंग्या चांगल्या गुबगुबीत झाल्या होत्या.

मयूरेश शेटे घरात बसून पडद्यावरून नववीच्या मुलांना बीजगणित शिकवायचा. अज्ञात संख्या शोधून देणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. पण पोरीच्या तोंडात गेलेल्या घासाचं पुढे काय होतं, हे त्याला कधी सुटलं नाही. चिमी घास गिळायची नाही, गालात ठेवायची. अर्धा तास, पाऊण तास. एकदा दुपारी दिलेला भेंडीचा तुकडा संध्याकाळी आंघोळीच्या वेळी तिनं बापाच्या तळहातावर जसाच्या तसा परत केला होता. हिशेबाला पोर पक्की होती.

तिची आई अनुजा ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करायची. सकाळी सातला जायची, संध्याकाळी सातला यायची. "वाऱ्याकडून काम करून घेणं सोपं," ती म्हणायची. "वारा निदान तोंड मिटून बसत नाही."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण बालवाडीच्या दारातल्या पायपुसण्याखाली आता वजनकाटा असायचा. पोर आत शिरलं की त्याचं वजन ग्रॅमसकट आई-बापांच्या फोनवर. फोनवर एक आलेख, आलेखाच्या तळाशी लाल पट्टा, आणि सलग सात आठवडे त्या लाल पट्ट्यात एक ठिपका बसलेला: श्रीनिका मयूरेश शेटे, नऊ किलो चारशे.

मयूरेश रोज सकाळी तो ठिपका बघायचा. मग नाचणीची लापशी करायचा. मग ती फरशीवरून पुसायचा. एकदा पुसता पुसता तिथेच बसला आणि चिमीला हात जोडून म्हणाला, "बाई गं, काय खाशील ते सांग. मी पाया पडतो." चिमीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि निघून गेली.

"दोन महिन्यांत ठिपका वर आला नाही, तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल," डॉक्टर मगदूम म्हणाले. बोलताना त्यांनी चष्मा काढला, म्हणजे ते घाबरवत नव्हते. "त्याआधी एक करून बघू. कानातलं बटण."

"कानातलं? पण खात नाही ती तोंडानं."

"तेच सांगतो. बसा."

आपल्याला वाटतं, चव जिभेला कळते. जीभ फक्त निरोप पाठवते. जिभेच्या पुढच्या भागातून तो निरोप नेणारी एक बारीक नस असते, आणि ती सरळ मेंदूकडे न जाता वाकडी वाट करून कानातून जाते; पडद्याच्या अगदी मागून, एखाद्या घरातली वायर भिंतीत न घालता बाहेरूनच ओढून नेलेली असावी तशी. कानाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पुढे महिनाभर चहा लोखंडासारखा लागतो, तो त्यामुळेच. त्या नसेला पडद्याच्या अलीकडून नेमक्या कंपनांनी डिवचलं, तर जिभेवर दोडका असताना मेंदूला निरोप जातो बासुंदीचा. तूरडाळीच्या दाण्याएवढं ते बटण कानात बसायचं. जबडा हलला की कानाची नळी किंचित दबते, त्यावरून त्याला कळायचं की तोंडात काहीतरी आहे. काय आहे, ते मात्र त्याला कळायचं नाही.

"म्हणून त्याला कुलूप आहे," डॉक्टर म्हणाले. "भरवणारा माणूस एक, आवाज एक. त्या आवाजात 'घास' हा शब्द ऐकला की बटण पाच मिनिटं चालू होतं, मग बंद. एरवी पोराला साबणही बासुंदी लागेल. मयूरेश, कडू लागणं ही जिभेची राखणदारी आहे. निसर्गातलं बरंचसं विष कडू असतं. त्या राखणदाराला आपण पाच मिनिटं चहाला पाठवतोय. तेव्हा आवाज एकच. समजलं?"

"समजलं," मयूरेश म्हणाला. त्याला खरोखरच समजलं होतं. अडचण अशी की त्याला नातेवाईक होते.

पहिल्या दिवशी त्यानं दुधी उकडला, कुस्करला, चिमीला खुर्चीत बसवलं. "हा घास चिमीचा," तो म्हणाला आणि सवयीनं उठून पळायच्या तयारीत राहिला. चिमीनं घास चावला. थांबली. बापाकडे बघितलं. गिळला. तोंड उघडलं.

"अजून," ती म्हणाली.

मयूरेश दुसरा, तिसरा, अकरावा घास देत राहिला. वाटी संपल्यावर तो स्वयंपाकघरात गेला, पंच्यात तोंड खुपसलं आणि नववीच्या मुलांना शोभेल असा रडला.

आठवडाभरानं ही बातमी विट्याला पोचली. विट्याला शकूआत्या राहायची. मयूरेशची आई तो चार वर्षांचा असताना गेली. त्याला आत्यानं वाढवलं. आता तिचे गुडघे गेले होते, म्हणून ती रोज दुपारी चारला फोनच्या पडद्यावर यायची, अर्धा तास चिमीला सांभाळायची आणि विट्यातून मिरजेला घास भरवायची. आत्या तिकडून "हा घास आत्याआजीचा" म्हणणार, मयूरेश इकडून चमचा पुढे करणार, आणि चिमी तो दोघांच्याही अंगावर उडवणार, असा रिवाज होता.

"आत्या, आता तेवढं 'घास' नको म्हणूस," मयूरेश म्हणाला. "यंत्राला एकच आवाज लागतो. माझा."

पडद्यावर थोडा वेळ काही हललं नाही. त्याला वाटलं, नेटवर्क गेलं.

"तुला तेरा वर्षं कुणी भरवलं रे मयऱ्या?"

"तू."

"तेव्हा लागत होतं का यंत्र?"

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय गं."

"असू दे. डॉक्टर म्हणतात तर असू दे. आम्ही काय, बाहेरचे."

तीन दिवस चार वाजता फोन आला नाही. चौथ्या दिवशी पुण्याहून चुलतभावाचा आला. "दादा, काय बोललास तू आत्याला? दोन दिवस नुसत्या चहावर आहे ती."

मयूरेशनं बटणाच्या यादीत आत्याचा आवाज घातला. फोननं विचारलं, खात्री आहे का? त्यानं हो दाबलं. खरं तर फोननं विचारायला हवं होतं, आत्या आहे का?

एकदा दार किलकिलं झाल्यावर मग कुणाला अडवणार? बापाकडची आत्या घेतली आणि आईकडची आजी राहिली, हे चालण्यासारखं नव्हतं. "माझ्या आईनं काय घोडं मारलंय?" अनुजानं विचारलं. आई आली तसे बार्शीचे अनुजाचे बाबा आले, ज्यांनी उभ्या आयुष्यात पोराला काय, मांजरालाही भरवलं नव्हतं. मग मावशी. मग काकू, कारण मावशी आली. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव राहू नये म्हणून जी काळजी घेतात, तीच घेतली गेली. महिन्याअखेर यादीत नऊ आवाज होते. आलेखावर ठिपका दहा किलो शंभरवर होता, लाल पट्ट्याच्या वर. मयूरेशनं त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. सगळ्यांनी आपापलं अभिनंदन केलं.

तो मंगळवार होता. मंगळवारी त्याला चारलाच वर्ग असायचा. तो सुरू करण्याआधी मयूरेशनं चिमीला खिडकीबाहेरच्या अंगणात भातुकली मांडून दिली. घर तळमजल्यावर, अंगण त्याच्या डोळ्यांसमोर. कठड्याला फोन टेकवून ठेवला, पडद्यावर आत्या. आत तो दोन अज्ञात संख्यांची समीकरणं सोडवत होता आणि बाहेरचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं.

"आज काय रांधलं आमच्या सुगरणीनं?"

"भाजी."

"कसली गं?"

"हिव्वी."

"अगं बाई! हिरवी भाजी? वाढ बघू मला. आहाहा! मीठ-तिखट कसं अगदी बेतशीर. तू नाही जेवलीस? असं कसं? रांधणारीनं उपाशी राहायचं नसतं. आ कर. हा घास चिमीचा! चाव, चाव. आता हा घास आत्याआजीचा..."

मयूरेश हसला. क्ष बरोबर सात, त्यानं फळ्यावर लिहिलं.

साडेचारला वर्ग संपवून तो बाहेर आला. आत्याचा फोन होऊन गेला होता. चिमी मांडी घालून बसली होती. तिच्या हनुवटीवर पांढरा चिकट ओघळ होता आणि समोरच्या इवल्याशा कढईत फोडलेली हिरवी फळं. कुंपणाला सोसायटीनं बिट्टी लावली होती. पाणी कमी लागतं आणि पूजेला पिवळी फुलं मिळतात म्हणून. तिच्या बियांनी खेळायचं, पण बिट्टी तोंडात घालायची नाही, हे या मुलखातल्या पोरांना सांगावंही लागत नसे. एकदा जिभेला लागली की पोर स्वतःच थू थू करत घर गाठायचं, इतकी कडू.

कढईतल्या तीन फळांचा गर कुरतडलेला होता. बारीक बारीक दातांच्या खुणा.

"चिमी, हे खाल्लंस?"

"हो."

मयूरेश तिच्यासमोर खाली बसला. "कसं लागलं?"

"गोड," चिमी म्हणाली.

रिक्षातच तिला पहिली उलटी झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरी. डॉक्टर मगदूम जिन्यातच भेटले. त्यांनी तिला खाटेवर घेतली, छातीला तारा चिकटवल्या आणि मान न वळवता विचारलं, "किती खाल्लं?"

"माहीत नाही."

"किती वाजता?"

"वर्ग चालू होता माझा..."

"बटणाची नोंद बघा. ते मोजतं."

मयूरेशनं फोन उघडला. बटणानं सगळं मोजलं होतं. चार अकरा. आवाज: शकूआत्या. चव: बासुंदी. चावणं: सत्तावन्न वेळा. गिळणं: नऊ. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: शाब्बास! आज मुलीनं गालात न ठेवता गिळलं.

डॉक्टरांनी वाचलं. "शकूआत्या कोण?"

"माझी आत्या."

"आणि आवाज किती आहेत यात?"

"नऊ."

डॉक्टर पुन्हा चिमीकडे वळले. "आधी हिचं बघू," ते म्हणाले. "तुमचं मी नंतर बघतो."

बिट्टीचं विष हृदयावर बसतं. हृदयाची एक लय असते, ते विष ती लय मोडतं. ठोके मागेपुढे पडायला लागतात, मग हळू होत जातात. चिमीच्या वयाला मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके हवेत. पडद्यावर चौऱ्याहत्तर दिसत होते. मयूरेश बघत असतानाच एकाहत्तर झाले. रोज सकाळी तो एक आकडा वर चढावा म्हणून देव पाण्यात घालून बसायचा; आता दुसऱ्याच एका आकड्यासाठी बसला.

सिस्टरनं पेला आणला. त्यात पाण्यात कालवलेली कोळशाची औषधी पूड होती, डांबरासारखी काळी. पोटातलं विष ती शोषून घेते. चिमीनं एक घोट घेतला आणि सिस्टरच्या पांढऱ्या कपड्यांवर फवारला.

"नळी घालू?" सिस्टरनं विचारलं.

"नळी घशातून जाताना हृदय आणखी मंदावतं," डॉक्टर म्हणाले. "हिचं आत्ताच मंदावलंय. आपणहून प्यायली तर फार बरं होईल." त्यांनी मयूरेशकडे बघितलं. "बटण कुठाय?"

बटण मयूरेशच्या मुठीत होतं. रिक्षात त्यानं ते तिच्या कानातून ओढून काढलं होतं आणि घरी गेल्यावर वरवंट्यानं ठेचायचं ठरवलं होतं.

"लावा," डॉक्टर म्हणाले.

"नाही. डॉक्टर, ते नको. परत नको."

"तुमच्यावर राग काढायला वेळ आहे, मला आणि तुम्हालाही. हिला नाही. लावा."

त्यानं बटण पुसलं, तिच्या कानात बसवलं. पेला हातात घेतला. नऊ आवाजांची यादी केलेल्या त्या माणसाला आता स्वतःचा एक आवाज सापडत नव्हता. तोंड उघडलं तर नुसती हवा आली. पडद्यावर अडुसष्ट. मग त्यानं वर्गात वापरायचा तो आवाज काढला, ठणठणीत, कुणालाही प्रमेय पटवून देईल असा.

"हा घास चिमीचा."

चिमी प्यायली. एक घोट, दोन घोट. रेतीसारखं ते तिच्या दातांत करकर वाजत होतं, पण जीभ सांगत होती, बासुंदी. तिनं काळे ओठ काळ्या जिभेनं चाटले, काळे दात दाखवून बापाकडे बघून हसली.

"अजून," ती म्हणाली.

हा शब्द ऐकण्यासाठी मयूरेशनं दोन वर्षं वाट बघितली होती. आपल्या हातून ही पोर आता काहीही पिईल, हे त्याला त्या हसण्यात दिसलं, आणि तो पेला पुढे करत राहिला. दर चार तासांनी पुन्हा. प्रत्येक वेळी तीच पूड, तोच आवाज, तोच "अजून".

अनुजा आली ती पवनचक्कीवर चढायचा पट्टा कमरेला तसाच बांधून. तिनं चिमीच्या पायाला हात लावला, पडद्यावरचा आकडा बघितला, मग नवऱ्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात आली. मयूरेशच्या फोनवर आत्याचे सहा फोन येऊन गेले होते आणि एक निरोप. त्यानं तो तिला ऐकवला.

"मयऱ्या, फोन का उचलत नाहीस? अरे, आज तुझी लेक काय झकास जेवली माझ्या हातचं! खोटंखोटं का होईना. कशी मचामचा चावत होती! दृष्ट काढ हो तिची. माझीच लागायची."

अनुजा भिंतीला टेकली. "सांगायला हवं त्यांना."

"काय सांगू?"

"खरं ते."

"ती खेळत होती, अनुजा. खोटंखोटं जेवत होती. नाव मी घातलं."

"माझ्या बाबांचं मी घालायला लावलं," अनुजा म्हणाली. "त्यांचा आवाज लागला असता तर?" मग पट्ट्याचं बक्कल तिनं तीनदा उघडलं, तीनदा लावलं. "आणि नाही सांगितलं तर? आयुष्यभर त्या हेच म्हणत राहणार. त्या दिवशी किती छान जेवली. तू ऐकशील?"

मयूरेशनं फोन खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठोके चौऱ्याण्णव होते आणि एकामागून एक, शिस्तीत पडत होते. डॉक्टर मगदूमांनी तारा काढल्या, बटण कागदात गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकलं आणि ठरल्याप्रमाणे मयूरेशला व्हरांड्यात नेऊन दहा मिनिटं बोलले. ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मयूरेशला ते पुरेसं वाटलं नाही.

नऊ वाजता शकूआत्या आली. विट्याहून पहिल्या एसटीनं, दुखऱ्या गुडघ्यांनी, तीन पिशव्या घेऊन. "विषबाधा झाली, आता बरी आहे" एवढंच तिला कळवलं होतं. खाटेवर बसून तिनं चिमीचं तोंड, हात, पोट, सगळं चाचपून बघितलं, दोन्ही कानशिलांवर बोटं मोडली.

"कसली विषबाधा?"

"बिट्टी," अनुजा म्हणाली.

"बिट्टी?" आत्याचे हात थांबले. "अगं, बिट्टी कडूजहर असते! लहानपणी माझ्या नुसती जिभेला लागली, तर दिवसभर गूळ खाल्ला तरी तोंड कडू. ही कशी चावेल? आणि कधी? मंगळवारी तर ही माझ्यासमोरच..."

ती बोलता बोलता थांबली. काहीतरी जुळवत असल्यासारखी चिमीकडे बघायला लागली. अनुजानं मयूरेशकडे बघितलं. खोलीत सिस्टर होती, तीही जाता जाता थांबली.

"तुझा फोन झाल्यावर," मयूरेश म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं, आत्या."

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. आणि मग ती सुटली. "लक्ष नव्हतं? एवढंसं पोर कुंपणापाशी, आणि बापाचं लक्ष नाही? कसली गणितं शिकवतोस रे? तेरा वर्षं मी तुला सांभाळला, एक ओरखडा येऊ दिला नाही!" अर्धा तास ती बोलत होती. मग फोन काढून तिनं पुण्याला सांगितलं, बार्शीला सांगितलं, मावशीला आणि काकूलाही सांगितलं: बापाचं लक्ष नव्हतं. मयूरेश खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत होता. मान खाली होती, पण प्रत्येक फोनला त्याचे खांदे थोडे थोडे सैल होत होते. अनुजानं त्याचा हात धरला नाही, पण त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

दहाला दवाखान्याची खिचडी आली. "आण इकडे," आत्या म्हणाली. "मी भरवते." तिनं चमचा भरला, फुंकर मारली. "हा घास..."

चिमीनं तोंड मिटलं.

"हा घास आत्याआजीचा. आ कर बाळा."

चिमीनं दोन्ही ओठ आत ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आत्यानं चमचा भिंतीच्या बाजूनं नेला, पोर इकडे वळली. चमचा इकडे आला, पोर तिकडे. चमच्याचं विमान झालं, विमानाचं पाखरू झालं. मयूरेश आणि अनुजा बघत होते. पाव मिनिटात दोघांपैकी कुणीतरी "अगं, एकच" म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही.

"मंगळवारी कशी खात होती गं माझ्या हातचं," आत्या हळूच म्हणाली. या वेळी तिनं कुणाकडेही बघितलं नाही आणि कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

चमचा तसाच हवेत राहिला होता. परत वाटीत टाकायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं तो स्वतःच्याच तोंडात घातला.

तिनं चावलं. थांबली. पदरानं ओठ पुसले.

"मयऱ्या, हे खाऊन बघितलंस तू?"

"नाही."

"अनुजा, तू?"

अनुजानं मान हलवली.

"मिठाचा कण नाही," आत्या म्हणाली. "आणि खालून करपलीय."

भिंतीकडचं तोंड फिरवून चिमीनं तिच्याकडे बघितलं. आत्यानं वाटी खाली ठेवली, लांब सरकवली.

"खरंय तुझं, बाई," ती म्हणाली.